चिन्याचं पथ्य

भाकरी थापता थापता गुरुबाईचा हात थांबला. समोरच्या पारावर तिचा नवरा मडिवाळप्पा रेशीम विकणाऱ्या चिन्याशेजारी मांडी घालून बसला होता. दोघं मोडक्या हिंदुस्थानीत बोलत होते, हातवारे करत होते. हा चिनी पुन्हा मंठाळ गावात येईल, असं तिला वाटलंच नव्हतं.

गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी मडिवाळप्पाचं तोंड वाकडं झालं, उजव्या हातातला तांब्या गळून पडला. घटकाभरात सगळं जागेवर आलं. पण त्याचा बाप लकव्यानं आठ वर्षं बाजेवर होता. वैद्य म्हणाले, तंबाखू सोडा, मीठ कमी करा, संताप आवरा. मडिवाळप्पानं संतापून वैद्यांनाच हाकलून दिलं.

त्याच आठवड्यात चिनी आला. त्याच्याकडं लालसर मुळ्या होत्या. त्याच्या मुलखात लकवा येऊ नये म्हणून त्यांचा काढा देतात म्हणे. गुरुबाई एकटीच जाऊन मुळ्या घेऊन आली आणि तिनं नवऱ्याला चिन्याचं पथ्य सांगितलं. तंबाखू बंद. मीठ चिमूटभर. शेताला गाडीनं न्हाई, पायी जायचं. आणि आवाज चढला की मुळीचा गुण उतरतो.

एवढ्या लांबचं औषध, पथ्यही तसंच असणार, म्हणून मडिवाळप्पानं निमूट मान डोलावली. वर्षभर त्यानं अळणी पिठलं खाल्लं. बैल बिथरला तरी तो त्याच्या कानाशी जाऊन हळूच शिवी द्यायचा. तोंड पुन्हा वाकडं झालं नाही.

खरं तर चिनी दोनच शब्द बोलला होता: उबालो, पियो.

मडिवाळप्पा पारावरून उठला. घरात आला, पाय धुतले, ताटावर बसला. गुरुबाईनं खाली मान घालून भाकरी वाढली. आता घर डोक्यावर घेणार, म्हणून ती वाट बघत राहिली.

शेवटी तिनंच विचारलं, “काय म्हणायलाय चिनी?”

“मुळ्या दिल्यात वर्षाच्या. अन् एक पथ्य सांगायचं ऱ्हायलं होतं म्हणं.”

“कोणतं?”

मडिवाळप्पानं ताट तिच्यापुढं सरकवलं.

“काढा उकळणाऱ्या बाईनं नवऱ्याच्या आधी जेवायचं. चिन्याचं पथ्य हाय, मोडता येत न्हाई.”