थोरली

“आवर लवकर. आज तुला थोरलीकडे घेऊन जातो,” बूट घालता घालता नवरा म्हणाला. इतक्या सहज म्हणाला, की बायकोच्या हातातला कंगवा केसांतच अडकून राहिला. कारखाना बंद पडल्यापासून घरात तिचं नावही निघालं नव्हतं. आता ही पुन्हा कुठून उगवली? बरं, नेतोय तर नेऊ दे. एकदा बघूनच घेऊ, आहे तरी कशी. तिनं ठेवणीतले कपडे काढले, कानात मोत्याचे डूल घातले आणि बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसली.

नदीकाठी काचेचा कारखाना होता तिथं आता बाग झाली होती. कारखाना चालू असताना घरच्यांना फाटकाच्या आत सोडत नसत, त्यामुळं ती इथं पहिल्यांदाच येत होती. राखेच्या ढिगांवर माती ओढून हिरवळ लावली होती. वाळूच्या होड्या लागायच्या त्या धक्क्यावर लोक पाय सोडून बसले होते आणि पाण्याच्या कडेला कुणी कुणी झिजून गुळगुळीत झालेले काचेचे तुकडे वेचत होतं. नवऱ्याला किती सांगू नि किती नको असं झालं होतं. इथं वाळू चाळायचे, इथं काच फुंकणारे बसायचे, इथं आम्ही डबा खायचो. बायको नुसती हं हं करत होती. तिचं सगळं लक्ष बाकांवरच्या म्हाताऱ्यांकडे. ही असेल? छे, ही फारच लहान दिसते. मग ती, निळ्या शालीतली? नाक बरं आहे मेलीचं.

थोरलीचं नाव तिनं पहिल्यांदा ऐकलं ते लग्नानंतर आठवड्याभरात. “उशीर झाला. थोरलीपाशी थांबावं लागलं,” असं नवरा सरळ तोंडावर म्हणाला होता. लपवाछपवी नाही की मान खाली घालणं नाही. थोरली म्हणजे आधीची बायको, दुसरं काय? त्याचे दोस्तही तसलेच. “वहिनी, थोरलीनं आज सोडलंच नाही याला!” म्हणून दारात खिदळायचे. थोरली ती, म्हणजे ओघानंच धाकटी आपण. एकदा तर नवरा एका दोस्ताला सांगत असताना तिनं स्वतःच्या कानांनी ऐकलं, “धाकटी नुसती खादाड. काम शून्य, धूर तेवढा काढते.” त्यावर ती पंधरा दिवस अबोला धरून बसली. अबोला कशासाठी, हे नवऱ्याला काही उमगलं नाही.

“ती बघ,” नवरा एकदम थांबला.

बायकोनं केसांवरून हात फिरवला आणि मान वर केली. समोर बाई नव्हतीच. विटांची एक भलीमोठी भट्टी होती, लोखंडी पट्ट्यांनी आवळलेली, वर काळवंडलेली.

“कुठं आहे?”

“अगं, ही काय! हीच थोरली.”

तिनं भट्टीकडे बघितलं. मग नवऱ्याकडे. मग पुन्हा भट्टीकडे.

“आणि धाकटी?” तिनं हळूच विचारलं.

“ती पलीकडे होती, त्या झाडापाशी. भंगारात गेली कधीच. तिचं नावच काढू नकोस, डोक्याला ताप नुसता.”

बायको मटकन बाकावर बसली. आधी तिला इतकं हलकं वाटलं, की डोळ्यांत पाणीच आलं. मग स्वतःचाच राग आला. सगळा संसार एका विटांच्या ढिगावर जळण्यात गेला! आणि राग ओसरायच्या आत उत्सुकता जागी झाली. ती उठली आणि तिनं भट्टीच्या तोंडात हात घालून बघितलं. आत गार होतं.

“केवढी जागा आहे हो आत!”

“मग! हिला विझू द्यायची नाही, एवढंच आमचं काम. विझली की आतली काच गोठते, संपलंच मग.” नवऱ्यानं विटांवर तळहात टेकला. “शेवटच्या दिवशी हिला मीच विझवलं. घरी आलो आणि तुला म्हटलं, थोरलीला कायमची सोडून आलो. आठवतं?”

तिला कसं आठवणार नाही? बूटसुद्धा न काढता तो उंबऱ्यावर बसला होता आणि हुंदके देऊन रडला होता. ती त्याच्या शेजारी बसली होती, त्याचा हात हातात घेऊन, पार अंधार पडेपर्यंत.

“तू एका शब्दानं काही विचारलं नाहीस,” नवरा म्हणाला. “तेव्हा मला वाटलं, हिला सगळं कळतं.”

“कळतंय कसलं! मी हिला तुमची पहिली बायको समजत होते.”

नवऱ्याचा आ वासलेलाच राहिला. मग तो हसत सुटला, पोट धरून, खोकला येईपर्यंत हसला. आजूबाजूचे लोक वळून बघायला लागले. खोकता खोकता त्यानं पुन्हा विटांवर हात टेकला आणि तो मध्येच थांबला.

“म्हणजे त्या दिवशीही?”

“त्या दिवशीही.”

विटांवरचा हात त्यानं काढून घेतला. त्या हाताचं आता काय करावं, हे त्याला सुचेना.

“वेडे, इतकी वर्षं! एकदा विचारायचंस तरी.”

“विचारलं असतं,” बायको म्हणाली, “तर तुम्ही सांगितलं असतं.”