ब्रेकची चाचणी

उजव्या चाकाच्या ब्रेकची केबल नीळकंठने अर्धा आटा आवळली आणि चाक हाताने फिरवून पाहिले. आतले लायनर जेमतेम घासले. डावीकडेही तेवढेच घासायला हवे होते. नाहीतर ब्रेक दाबताच विमान एका बाजूला ओढले गेले असते.

हे विमान त्याने नऊ वर्षे खपून घरच्या शेडमध्ये बांधले होते. डोळ्यांच्या तपासणीत तो नापास झाला, म्हणून उद्याचे पहिले उड्डाण पुतणी मनवा करणार होती. जमिनीवर पळवून ब्रेक तपासायला मात्र त्याला मनाई नव्हती.

“काका, तीसच्या पुढे नेऊ नका हं.”

“एसटीचे ब्रेक जन्मभर केलेत गं मी. मला शिकवतेस?”

धावपट्टीवर वेगाचा काटा पन्नासवर गेला. शेपटी उचलली गेली, चाकांची खडखड एकाएकी कमी झाली. उडायला आणखी थोडाच वेग हवा होता. समोर अर्धी धावपट्टी मोकळी होती.

त्याने इंजिन मंद केले, शेपटी टेकू दिली आणि ब्रेक दाबले. विमान जराही न वळता थांबले.

मनवा धावत आली. “दोन्ही सारखे लागले?”

“लागले. आता विमान तुझं,” तो म्हणाला, पण कमरेचा पट्टा काही केल्या त्याच्याने सोडवेना.