तिसरे ताट

पातेली दोन, तवा एक, पळी एक, ताटे तीन. पुरवठा निरीक्षक मृणाली मॅडमनी ताटे पुन्हा मोजली. तीनच भरली. रेशनकार्डाच्या अर्जात माणसे दोन होती : शमिका, वय एकोणतीस, आणि तिची मुलगी सानवी, वय सहा.

"तिसरं कोणाचं? नवरा येतो का जेवायला?"

"नाही हो मॅडम. त्याला सोडून पाच महिने झाले," शमिका म्हणाली. "ते पाहुण्यांचं."

शमिका जयगड बंदराच्या वजनकाट्यावर ट्रक मोजायची. आकडा लपवायची तिला सवय नव्हती. पण सानवीच्या बालसंगोपन अनुदानाच्या अर्जाला आईच्या नावाचे रेशनकार्ड हवे होते, आणि माहेरी राहून वेगळे कार्ड हवे तर चूल वेगळी हवी. म्हणून तिच्या वडिलांनी, आप्पांनी, पडवीच्या टोकाला भिंत घालून जांभ्या दगडाची नवी चूल मांडली होती. आठवडाभर त्यांनी नातीकडून एकच वाक्य घोकून घेतले होते.

सानवी पुढे झाली. "आप्पा वेगळे जेवतात," ती खणखणीत म्हणाली. मग तिने तिसऱ्या ताटाकडे बोट दाखवले. "त्या वेगळ्या ताटात."

आप्पांनी कपाळाला हात लावला. "बाय गो, सांगितलं काय नि बोललीस काय! पोर हाय मॅडम, लक्ष देऊ नका. माझी चूल आत हाय. काल सांजचाच भात केला तिच्यावर."

"दाखवा."

आतल्या चुलीत मांजरी ऐसपैस पसरली होती. तिच्या पोटाशी पिल्ले होती. मॅडमनी वाकून मोजली. चार. एक उचलून त्यांनी उजेडात धरले. पिल्लाने त्यांच्याकडे टक लावून पाहिले.

"डोळे उघडलेत. जन्मल्यावर त्याला आठ-दहा दिवस लागतात. कालचा भात कुठे शिजवलात आप्पा, मांजरीच्या पाठीवर?"

शमिकाला कळून चुकले. कार्ड गेले, आणि कार्डाबरोबर सानवीचा अर्जही.

"चूल एकच आहे, मॅडम," ती म्हणाली. "आम्ही खोटं सांगितलं. आई गेल्यापासून आप्पा चहा-बटरावर दिवस काढत होते. मी आल्यावर जेवायला लागले."

मॅडमनी पिल्लू जागेवर ठेवले. "आप्पा, तुमच्या कार्डावर कोण कोण?"

"मी एकटाच."

"आणि चूल थंड." त्यांनी पेनाचे टोपण काढले. "घरातली सगळ्यात मोठी बाई ती कुटुंबप्रमुख, असा नियम आहे. इथे बाई एकच. तुमचं कार्ड बंद करून तुमचं नाव तिच्या कार्डावर घालू. भिंत घालायची काय गरज होती? शमिका तुमच्या घरात नाही राहत, तुम्ही तिच्या घरात राहताय."

आप्पांना ते उमगायला एक क्षण लागला. मग ते इतके मोठ्याने हसले की मांजरीने कान ताठ केले. "म्हणजे यापुढे नाव हिचं, नि पिशवी घेऊन लायनीत मी?"

"मग! मी कामावर असते ना," शमिका म्हणाली. डोळे पुसतानाच तीही हसत होती.

आप्पांनी पंचनाम्यावर सही केली. त्यात लिहिले होते : चालू चुली, एक. जेवणारी माणसे, तीन. कुटुंबप्रमुख, शमिका.