नासपतीखालची जागा

“काका, नक्की जागा तेवढी दाखवा,” कलिना म्हणाली. झेनॉनने हातातली काठी नासपतीच्या झाडाखाली कुठेतरी टेकवली. मग उचलून हातभर पुढे टेकवली. लोकांना वाटलं, वय झालं.

वस्तीतली पन्नासेक माणसं गोळा झाली होती. पोलंडमधल्या वूच शहरातली ही सगळी वस्ती एका कापड गिरणीच्या जिवावर उभी राहिली आणि गिरणीबरोबरच बसली. तीस वर्षं इथे फुटक्या काचा, ओल आणि दारुडे यांचंच राज्य होतं. आता पालिकेला जाग आली होती. गिरणीच्या रंगखात्याच्या जागी काचेचं सभागृह होणार होतं, मागच्या उकिरड्यावर बाग, तळं आणि बाकं. नकाशे कलिनाने काढले होते. पोरगी हुशार, आणि झेनॉनच्या दृष्टीने त्याहून वाईट म्हणजे मनापासून काम करणारी. झेनॉनचा गिरणीतला जुना सोबती लुडविक याने तिला गिरणीच्या झेंड्याची गोष्ट सांगितली, तर तिने नकाशाच बदलला. नासपती वाचवली, सभागृहाच्या दारासमोर झेंड्यासाठी काचेचं कपाट आखलं, आणि यंत्र बाजूला ठेवून हाताने खणायचं ठरवलं.

ती गोष्ट वस्तीला तोंडपाठ होती. एक्क्याऐंशीच्या डिसेंबरात लष्करी कायदा लागला, कामगारांच्या संघटनेवर बंदी आली. संघटनेचा झेंडा तेव्हा झेनॉनच्या घरी होता. लाल मखमलीचा, सोनेरी कशिद्याचा, काठीला अडकवायच्या सात पितळी कड्यांचा. झेनॉनने जिवावर उदार होऊन तो नासपतीखाली पुरला. आठवड्याने लुडविकला धरून नेलं. अकरा महिने त्याला एकच प्रश्न विचारला गेला, झेंडा कुठे आहे. पुढचे दोन दात गेले, पण नासपतीचं नाव त्याच्या तोंडून निघालं नाही.

झेंडा तिथे नव्हताच.

त्या संध्याकाळी झेनॉनची बायको रेगिना दुसऱ्या पाळीला गेली होती. जिन्यात बुटांचा आवाज आला आणि झेनॉनची पाचावर धारण बसली. त्याने कात्रीने झेंड्याचे तुकडे केले आणि कड्यांसकट स्वयंपाकघरातल्या कोळशाच्या चुलीत कोंबले. बूट दारावरून पुढे गेले. वरच्या मजल्यावरचा पोरगा फौजेतून सुट्टीवर आला होता. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तो असा. दुसऱ्या दिवशी लुडविकने विचारलं, तेव्हा जिभेवर नासपती आली. बायकोलाही त्याने तेच सांगितलं. त्या हिवाळ्यात ती दर रविवारी बहिणीकडे जायची. झेनॉनला बरंच वाटायचं, तेवढा एक दिवस नजर चुकवावी लागत नसे.

फावडी चालू झाली. झेनॉन एकेक थर मोजल्यासारखा बघत होता. ‘कुणीतरी चोरून नेला असेल’ हे वाक्य त्याने महिनाभर आरशासमोर घोकलं होतं. पण आरशाला लुडविकचं तोंड नव्हतं.

“काय रे, तेव्हा नाही घाबरलास, आणि आता एवढ्या थंडीत घाम फुटलाय होय?” लुडविक हसला. हसला की ती दोन दातांची खिंड दिसायची. झेनॉनने मान खाली घातली.

गुडघाभर खणून झालं. गर्दीत कुजबुज सुरू झाली होती. आता झेनॉन सगळ्यांसमोर सांगून टाकणार होता, एवढ्यात रेगिना थर्मास सांभाळत पुढे आली.

“तिथे नाही,” ती खणणाऱ्यांना म्हणाली. “भिंतीकडे तीन पावलं. मला ह्यांनी तसंच सांगितलं होतं.”

असं काही सांगितल्याचं झेनॉनला आठवेना. पण जन्मभर खोटं बोलणाऱ्याला आपण काय काय सांगितलं ते थोडंच लक्षात राहतं. त्याला एवढंच कळलं, की मरण तीन पावलं लांबलं.

चौथ्या फावड्याला खण्‌ असा आवाज झाला. रंगपुडीचा पत्र्याचा डबा निघाला. झाकणाभोवती जाड मेण होतं. लुडविकने टोपी काढली. कलिनाने मेण खरवडलं, झाकण उचललं, आणि आतून लाल कापड वर आलं.

आपल्या हातांनी जाळलेलं मढं उठून बसावं तसं झेनॉनला झालं. इतका तो त्या बुटांनासुद्धा घाबरला नव्हता. लुडविकने कापडाची किनार ओठांना लावली आणि लहान मुलासारखा रडला. मग झेनॉनला मिठी मारून म्हणाला, की लेका, आपलं सार्थक झालं. लोक टाळ्या वाजवत होते.

मिठीत अडकल्या अडकल्या झेनॉनने झेंड्याकडे नीट पाहिलं. ती मखमल नव्हती. गिरणीत विणलेलं साधं फलालीन होतं. चाळीस वर्षांनी, पाण्याने भरलेल्या डोळ्यांना मखमल काय आणि फलालीन काय. अक्षरं पिवळ्या दोऱ्याने भरली होती, आणि तो टाका त्याच्या ओळखीचा होता. घरातल्या उशांच्या अभ्र्यांवर तो रोज डोकं ठेवत होता.

वरच्या काठाला सात पितळी कड्या होत्या. सातही काजळीने काळ्या पडलेल्या. एक तर तापून वाकडी झालेली.

त्याने वर पाहिलं. रेगिना जवळ आली. तिने थर्मासच्या झाकणात चहा ओतून त्याच्या हातात दिला, त्याचा मफलर सारखा केला, आणि फक्त त्याला ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाली,

“आपल्या घरात चुलीतली राख कोण काढायचं, झेनॉन?”