समजा

आतल्या खोलीत जर्मनच्या पातेल्याची झाकणी पडली. ती गरगरत, खणखणत थांबली.

मग ओसरीवर मयुरीने कागदावरचा प्रश्न पुन्हा वाचला. "समजा, तो समोरचा डोंगर वाचवायला तुम्हाला काही द्यावं लागलं, तर जास्तीत जास्त किती द्याल?"

केसरबाईने डोंगराकडे पाहिलं. मग कागदाकडे. मग मयुरीची ओढणी धरून उभ्या असलेल्या पाच वर्षांच्या दिव्यानीकडे.

"मी एकली कशी सांगू वो बाई? डोंगर का माह्या एकलीचा हाये? गावाले पुसून सांगतो."

हे तिसावं घर. उत्तरही तिसाव्यांदा तेच.

मयुरी खनिज आणि ऊर्जा अर्थशास्त्रात एम.ए. करत होती. दिव्यानीचा दुपारी डोळा लागला की पुस्तक उघडायचं, तिने कूस बदलली की मिटायचं. अशी दोन वर्षं काढली होती. आता प्रबंध तेवढा उरला होता. डोंगराच्या पोटात लोखंड होतं आणि ते काढायला डोंगर खोदणार अशी बोलवा होती. लोखंडाची किंमत पुस्तकात होती. लोखंड वगळून उरलेल्या डोंगराची किंमत मात्र लोकांनाच विचारायची होती. सोमवारी नमुन्यातल्या तीसही घरांचे भरलेले फॉर्म सरांच्या टेबलावर गेले नाहीत, तर वर्ष वाया. नवऱ्याला घुग्घुसला शिफ्ट होती, म्हणून पोरगी सोबत.

"बाई, घरोघरचं वेगळं उत्तर लागते," ती काकुळतीला आली. "खरंच थोडी काही द्याचं हाये? नुसतं समजा."

"समजलो ना वो," केसरबाई म्हणाली. "आमी का येडे हाओ?" आणि घाईघाईने बाहेर पडली.

चारची अहेरीची गाडी धरायला मायलेकी फाट्यावर येऊन बसल्या. तीस फॉर्म कोरे. मयुरीने सरांना फोन लावला.

"सर, कोणी आकडाच सांगत नाही."

"मग शून्य लिहा," सर म्हणाले. "लोक बोलतात खूप. द्यायची वेळ आली की कोणी देत नाही. आपलं शास्त्रच तसं सांगतं."

तिने पेन उघडलं. पहिल्या चौकटीत शून्य काढलं. दुसरं अर्धं झालं होतं, तेवढ्यात वळणावरून बैलगाडी आली आणि गाडीमागे अख्खं गाव.

गाडीत धानाची पोती. मोहफुलांच्या टोपल्या, चारोळी, दोन नव्या कोऱ्या चटया, पाय बांधलेला एक कोंबडा. मागे दाव्याने बांधलेला बोकड, त्याला यायचं नव्हतं.

गावात ज्याचा शब्द चालायचा तो दसरू पुढे झाला. "बसलो आमी सगळे. ठरलं. साऱ्या गावाचं मिळून हे. आता पावती द्या, डोंगर वाचला म्हून."

मयुरी ताडकन उठली. "दसरूभाऊ, अहो, ते नुसतं समजा होतं!"

"हाओ, केसरबाईनं सांगतलं ना. म्हने, बाई दोनदोनदा म्हनते, समजा म्हून. तवाच समजलो का गोष्ट पक्की हाये."

"कमी पडते का?" मागून थट्टेखोर इतवारीने आवाज टाकला. "आनखी एक बोकड हाये. पर तो दसरूभाऊच्या सासऱ्याचा हाये. दोघंबी मारके!"

गाव खो खो हसलं. मयुरी चार पावलं बाजूला गेली. तिने पुन्हा फोन लावला.

"सर, ते द्यायला आलेत."

"कोण?"

"नमुना."

"सगळा नमुना?"

"सगळा. बोकडासकट."

"हे असं कुठल्याच शोधनिबंधात झालेलं नाही," सर घाबरल्यासारखे म्हणाले. "ताबडतोब परत करा. डेटा खराब होईल!"

तिने फोन ठेवला. लिहिलेलं शून्य खोडलं, अर्धंही खोडलं. आता खरं सांगून टाकायचं. डोंगर असा वाचत नसतो, हा कागद कुठेच जाणार नाही, गेला तर एका टेबलावर जाईल. ती वळली. तिच्यासमोर केसरबाई उभी होती. लग्न पार पडल्यावर माणसं दिसतात तशी मोकळी दिसत होती ती.

"बरं झालं आली तू, माय," तिने मयुरीच्या गालावरून हात फिरवला. "एवढे दिवस आमाले कोनी पुसलंच नाई."

मयुरीने फॉर्म गुपचूप पिशवीत सरकवले. तेवढ्यात एसटी आली.

"कोनाचं सामान?" कंडक्टर ओरडला.

"डोंगराचं!" इतवारी म्हणाला.

ती नको नको म्हणेपर्यंत पोती टपावर गेली. टोपल्या सीटखाली सरकल्या. बोकडाला तिघांनी उचलून मागच्या दारातून आत लोटलं, त्याने लगेच चटईची कड खायला घेतली.

"बोकडाचं हाफ लागल," कंडक्टर म्हणाला. घंटी वाजली. गाव हात हलवत मागे पडलं, मग धुळीत दिसेनासं झालं. "अन् हे सारं उतरवाचं कुठी, मॅडम?"

मयुरी पर्समध्ये बोकडाच्या हाफ तिकिटाचे पैसे शोधू लागली.

दिव्यानीने मांडीवरच्या कोंबड्याला नीट धरलं, आईकडे मान वर केली.

"आई, जो डोंगर नेऊन राह्यला, त्याचं घर कोनत्या स्टॉपवर हाये?"