बंद लाइन

लाइनमन नवऱ्याच्या फोटोखाली इंदूबाई ओसरीवर पदरानं वारा घेत बसल्या होत्या. लाइन बंद करून खांबावर चढलेल्या माणसाला करंट लागलाच कसा, हे बारा वर्षांत त्यांना कोणी सांगू शकलं नव्हतं. आज भर उन्हात लाइन गेली आणि मुलानं, सुगतनं, छतावर बसवलेलं नवंकोरं सोलरही बंद पडलं.

"लाइन गेली का थे बंदच होते, मावशी," पाहायला आलेला सोलरवाला म्हणाला. "नाही तं घरची वीज उलटी तारेत जाते, अन् खांबावरचा माणूस चिकटते."

शेजारचे खुशालराव कुंपणावरून हसले. "माह्यं जनरेटर पाहा! पंधरा वर्सं झाले घरच्याच वायरीत जोडून, लाइन गेली का लगेच चालू."

इंदूबाईंचा पदर थांबला.



"मंग सुगतचे बाबा खांबावर चढले, त्या दिवशीबी चालूच होतं काय, भाऊ?"