गप्प ग्राहक

मोबाइल कंपनीतल्या साहेबांनी बसवलेली नवी सिस्टीम कंपनी सोडून जाणारा ग्राहक आधीच हेरायची. तिचं गुपित त्यांनी चहा पिता पिता बायकोला रंगवून सांगितलं.

"अगं, रोज फोन करून डोकं खाणारा ग्राहक कुठ्ठे जात नाही. तो भांडायचा एकदम थांबला, की समजायचं, गडी दुसऱ्या कंपनीत चालला! मग सिस्टीम त्याला न मागता झकास ऑफर देते."

"बरं," म्हणत बायको कपबश्या घेऊन आत गेली.

दुसऱ्या दिवशी साहेब उशिरा घरी आले, तरी तिने चकार शब्द काढला नाही. ओला टॉवेल पलंगावर पडला, तरी नाही. एरवी गळक्या नळावरून घर डोक्यावर घेणारी बायको त्या नळाखाली मुकाट्याने बादली लावत होती. साहेब खूश! मग एका दुपारी ऑफिसात स्क्रीनवर एका ग्राहकापुढे लाल शेरा झळकला, 'तक्रारी अचानक बंद', आणि साहेबांना एकदम घरची गप्प बायको आठवली.

संध्याकाळी ते प्लंबरला सोबत घेऊनच घरी पोचले. वर स्वतः भांडी घासली, सुट्टीत सासुरवाडीला जायचंही आपणहून कबूल केलं.

"आता तरी बोल गं काहीतरी! हवं तर भांड!"

ती नुसती हसली आणि आतल्या खोलीत जाऊन तिने बहिणीला फोन लावला.



"ताई, यांची सिस्टीम एकदम पक्की आहे गं. तूही भाऊजींवर चालवून बघ!"